कोयनेचं पाणी आणि प्रस्तरभंगाची पकड

पाटणकडे जमीन जरा हलली की कराड-साताऱ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दोन निरोप हमखास फिरतात: ‘आज रात्री मोठा धक्का येणार’ आणि ‘धरणाच्या वजनानं जमीन दबतेय’. पहिला निव्वळ थाप आहे. भूकंपाची तारीख-वेळ जगात कुणालाही सांगता येत नाही, आणि असले निरोप पुढे ढकलणाऱ्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांची झोप उडवू नये. दुसरा मात्र अर्धाच खरा आहे.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात ८० मीटर पाणी असेल तर तळावर साधारण ८ वातावरणांइतका जादा दाब पडतो (एक वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवर हवेचा असतो तेवढा दाब). पाच किलोमीटर खाली वरच्या खडकाचाच दाब सुमारे १,३०० वातावरणं असतो. त्यापुढे पाण्याचं वजन ते काय! पण पाण्याचा दाब भेगाभेगांतून हळूहळू खाली पोचतो. प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात त्या मोठ्या भेगेच्या, दोन बाजू एकमेकींवर आवळून धरणारा दाब तो आतून कमी करतो, आणि तेवढं घर्षण घटतं.

हे संगणकावर कसं मांडायचं? १९६७ साली बरिज आणि नोपॉफ या शास्त्रज्ञांनी प्रस्तरभंगासाठी स्प्रिंगांनी जोडलेल्या ठोकळ्यांची रांग हे मॉडेल मांडलं. त्याच वर्षी ११ डिसेंबरच्या पहाटे भूकंपात कोयनानगर कोसळलं. पुढे डीटरिक आणि रुइना यांनी घर्षणात काळ आणला, आणि खरी गंमत इथेच आहे. खडक जितका काळ स्थिर टेकून राहतात, तितके त्यांचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांत घट्ट रुततात. सरकू लागले की जुनी पकड सुटते, नवी बसायला वेळच मिळत नाही, वेग आणखी वाढतो. वेग दहापट झाला तरी घर्षणातला फरक जेमतेम एक-दोन टक्के. पण पाच किलोमीटर खोलीवर घर्षणाचे एक-दोन टक्के म्हणजे पाच-दहा वातावरणं, म्हणजे जलाशयाच्या दाबाच्याच तोलाचे! म्हणून आधीच निसटायच्या बेतात असलेल्या प्रस्तरभंगाला पाणी पुरतं. बेतात नसलेल्याला नाही.

मॉडेलमध्ये प्रस्तरभंगाचे हजारो चौकोन पाडतात आणि प्रत्येकाचा ताण, पाण्याचा दाब, पकडीचं वय मोजत जातात. शांत काळात संगणक महिन्यामहिन्यांच्या ढांगा टाकतो; चौकोन निसटला की मिलिसेकंदांवर येतो.

आकडे मात्र इथल्याच खडकाचे लागतात. म्हणून कोयनेच्या परिसरात गोठण्याला ३ किलोमीटर खोल विवर खोदलं गेलं: वर किलोमीटरभराहून जाड बेसाल्ट, खाली ग्रॅनाइटी खडक. शिवाय १९८५ पासून सांगलीच्या हद्दीत वारणा धरणात पाणी साठू लागलं आणि नंतर भूकंपांची गर्दी दक्षिणेकडे पसरली. त्यामुळे आता एकाच मॉडेलमध्ये दोन्ही जलाशयांची रोजची पातळी भरावी लागते.