तारा थरथरतो, पण किती?

शनीची कडी बघायला गच्चीवर दुर्बीण लावावी आणि ग्रह वाहत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा हलत राहावा, हे हौशी आकाशनिरीक्षकांना नवं नाही. ‘आज सीइंग खराब आहे’, म्हणजे हवेच्या हालचालीने चित्र थरथरतंय आणि पसरतंय, असं म्हणायचं आणि चहा टाकायला उठायचं. पण खराब म्हणजे नेमकं किती? याचं उत्तर आकड्यात देता येतं. आठ इंची दुर्बीण, ग्रह टिपायचा छोटा कॅमेरा, लॅपटॉप आणि पुठ्ठ्याचं एक झाकण, एवढं पुरतं.

ताऱ्याची थरथर सरळ मोजावी, तर तिच्यात वारा, डगमगता ट्रायपॉड, मोटरचे झटके सगळंच मिसळतं. म्हणून झाकणाला सहा-सहा सेंटिमीटरची दोन भोकं पाडायची, मध्याशी मध्य 14 सेंटिमीटरवर. फोकस किंचित बिघडवला की एकाच ताऱ्याचे दोन ठिपके दिसतात. दुर्बीण हलली तर दोन्ही ठिपके एकदम सरकतात, त्यांच्यातलं अंतर तेच राहतं. प्रत्येक भोकावरची हवा मात्र वेगळी, त्यामुळे अंतर बदललं तर दोष बहुतांशी हवेचाच. इतकी साधी युक्ती! चिलीतल्या मोठ्या युरोपीय दुर्बिणीसाठी जागा शोधताना हीच वापरली गेली. सारझँ आणि रॉडिए या खगोलशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ती सविस्तर मांडली. (तिथे फोकस न बिघडवता एका भोकावर पाचरीसारखी काच लावतात.)

पाच-दहा मिलिसेकंदांच्या काही शे फ्रेम घ्यायच्या. त्याहून जास्त वेळ दिला तर थरथर फ्रेममध्येच पुसली जाते. मग ठिपक्यांमधल्या अंतराचं प्रमाण विचलन (अंतर सरासरीपासून साधारण किती ढळतं ते) काढायचं. ते 0.7 विकला आलं, तर सूत्रानुसार सीइंग निघतं साधारण 1.4 विकला. एक विकला म्हणजे दोन सेंटिमीटरचं नाणं चार किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढा कोन. आठ इंची दुर्बीण खरं तर अर्ध्या विकलेपर्यंतचे बारकावे दाखवू शकते. बाकीचं हवा खाते.

तारा कोणता घ्यायचा? जागचा हलत नाही म्हणून ध्रुवाकडेच हात जातो, आणि युरोपात ते ठीकच आहे. पण पुण्यातून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर. त्याचा प्रकाश माथ्यावरच्या ताऱ्यापेक्षा तिपटीहून जास्त हवा कापून येतो आणि सीइंगचा आकडा जवळपास दुप्पट दिसतो. हिशेबात तेवढी दुरुस्ती करता येते, तरी आपल्याकडे माथ्याजवळचा ठळक तारा घेऊन मोटरने त्याचा पाठलाग करणं बरं.

आणि पहिल्याच रात्री चार-पाच विकला आले, तर आकाशाला बोल लावू नये. दिवसभर तापलेला स्लॅब खालून ऊब सोडत असतो, आणि घरातून नुकत्याच आणलेल्या दुर्बिणीच्या नळीतही गरम हवा फिरत असते. ठिपके तिच्यामुळेही नाचतात. दुर्बीण तासभर बाहेर निवू द्यावी आणि पुन्हा मोजावं.