फ्लॉपी-जतन (जुन्या मापन उपकरणांच्या फ्लॉपींचे)

जुन्या इलेक्ट्रॉनिक मापन उपकरणांची कार्यप्रणाली, त्यांच्यासाठी लिहिलेल्या चाचण्या आणि घेतलेली मापने ज्या फ्लॉपींवर असतात, त्या निकामी होण्यापूर्वी त्यांवरील चुंबकीय नोंद जशीच्या तशी दुसऱ्या माध्यमावर उतरवून ठेवण्याची पद्धत. प्रयोगशाळांत यास सरसकट ‘बॅकअप’ म्हणतात. पण या शब्दात फायलींची नक्कल आणि संपूर्ण चकतीची प्रतिमा (चकतीवरील सर्व नोंदीची हुबेहूब प्रत) हे दोन वेगळे अर्थ मिसळतात आणि बरेचसे नुकसान या गल्लतीतूनच होते.

आयबीएमने १९७१ मध्ये आणलेली ८ इंची फ्लॉपी मुळात मोठ्या संगणकात त्याचे अंतर्गत सूक्ष्मादेश भरण्यासाठी होती. पुढे मापन उपकरणांत फ्लॉपीला हेच काम मिळाले, ही बाब सहसा दुर्लक्षिली जाते. शुगार्ट कंपनीची ५.२५ इंची फ्लॉपी १९७६ ची, सोनीची ३.५ इंची १९८० च्या दशकाच्या आरंभीची. ह्यूलेट-पॅकार्डचा ४१४५ए हा अर्धवाहक-विश्लेषक ५.२५ इंची फ्लॉपीवरून सुरू होतो, तर १६५००ए हा लॉजिक ॲनालायझर (डिजिटल परिपथांतील संकेत तपासणारे उपकरण) ३.५ इंची फ्लॉपीवरून. अशा उपकरणाचे सर्व परिपथ धडधाकट असले, तरी प्रणालीची चकती वाचली गेली नाही तर ते केवळ जड पेटी ठरते.

ह्यूलेट-पॅकार्डची बरीच उपकरणे चकतीवर फाइली मांडण्याच्या, संगणकांत रूढ असलेल्या डॉस पद्धतीऐवजी एलआयएफ ही कंपनीची स्वतःची मांडणी वापरतात. तिच्या पहिल्या दोन बाइटांत षोडशमान पद्धतीतील ८००० ही खूण असते, फाइलीचे नाव कमाल १० अक्षरांचे असते आणि प्रत्येक फाइल सलग सेक्टरांतच (चकतीवरील वर्तुळाकार ट्रॅकच्या लहान तुकड्यांत) बसवावी लागते. दुहेरी बाजूच्या ३.५ इंची चकतीवर ८० ट्रॅक शक्य असताना कंपनीच्या मांडणीत ७७ च का वापरले, यास दोन स्पष्टीकरणे देता येतात. आयबीएमच्या १९७३ च्या ३७४० पद्धतीत ८ इंची चकतीवर ७७ ट्रॅक होते, तेव्हा हा त्या परंपरेचा वारसा असावा, हे एक. उरलेले ट्रॅक खराब ट्रॅकांच्या बदली राखून ठेवले असावेत, हे दुसरे. कंपनीच्या आधीच्या एकेरी बाजूच्या चकतीत ७० पैकी ६६ ट्रॅकच वापरात होते, हे पाहता दुसरे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. प्रति ट्रॅक २५६ बाइटांचे १६ सेक्टर धरल्यास एकेरी चकतीची क्षमता २,७०,३३६ व दुहेरीची ६,३०,७८४ बाइट येते. डॉसची प्रचलित ७२० किलोबाइट मांडणी मात्र ५१२ बाइटांच्या ९ सेक्टरांची आहे. कंपनीचे सुरुवातीचे ३.५ इंची ड्राइव्ह मिनिटाला ६०० फेरे घेत, तर संगणकाचे ३००. पण वेगाबरोबर नोंदीचा दरही दुप्पट असल्याने चकतीवरील ठसा सारखाच उमटतो आणि साध्या ड्राइव्हवरही तो वाचता येतो.

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह सहसा डॉसच्याच मांडण्या ओळखतो. एलआयएफ चकती त्यात घातली की विंडोज ती फॉरमॅट करायची का असे विचारते, आणि घाईत ‘हो’ म्हटले की उपकरणाची एकमेव प्रणाली पुसली जाण्याची वेळ येते. म्हणून आधी लेखनबंदी तपासावी लागते. ३.५ इंची चकतीचे छिद्र उघडे असल्यास लेखन बंद होते, ५.२५ इंचीची खाच झाकल्यास बंद होते, आणि ८ इंचीत नियम उलटा असून खाच उघडी असताना लेखन बंद असते. जुन्या संगणकाच्या मूळ फ्लॉपी नियंत्रकावर चालणारा इमेजडिस्क हा प्रोग्राम सेक्टरनिहाय प्रतिमा घेतो. क्रायोफ्लक्स किंवा ग्रीझविझल यांसारखी यंत्रे त्यापुढे जाऊन हेडखाली होणाऱ्या चुंबकीय बदलांमधील वेळच नोंदवतात, त्यामुळे मांडणीचा उलगडा नंतर सावकाश करता येतो. सेक्टर-प्रतिमा पुरेशी आहे असे मानणाराही वर्ग आहे. तथापि झिजलेली चकती पुन्हा वाचता येईल याची शाश्वती नसल्याने पहिल्याच वाचनात चुंबकीय बदलांची नोंद घेणे श्रेयस्कर. काही उपकरणांचे अंशांकन-स्थिरांक (मापन अचूक ठेवणारे दुरुस्तीचे आकडे) बॅटरीवर टिकणाऱ्या स्मृतीत असतात. ते यांपैकी कोणत्याही प्रतिमेत येत नाहीत.

मराठवाड्याच्या हवामानात चकत्यांना दुहेरी त्रास होतो. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसवर जातो आणि बारीक धूळ आवरणात शिरते. पावसाळ्यात बंद लोखंडी कपाटात बुरशी धरते. ३.५ इंची चकतीचे धातूचे झाकण सरकवून ती उजेडात तिरपी धरली, की बुरशी पांढुरक्या ठिपक्यांच्या रूपात दिसते. अशी चकती तशीच ड्राइव्हमध्ये घातल्यास हेड तिचा थर खरवडतो आणि तेच हेड पुढच्या चकतीवरही चरा पाडते. मागचे धातूचे चक्र बोटाने हळूहळू फिरवत आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या कापसाने पृष्ठभाग पुसणे व प्रत्येक वाचनानंतर हेड स्वच्छ करणे, हा यावरील उपाय होय. जुन्या सोनी ड्राइव्हमध्ये वंगण घट्ट झालेले असते. चकती जोराने ओढून काढल्यास वरचे हेड निखळते.

प्रतिमा मिळाल्यावर ती नव्या चकतीवर लिहिता येते किंवा ड्राइव्हच्या जागी गोटेकसारखा अनुकारक (फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारे यंत्र) बसवून यूएसबी पेनड्राइव्हवरून चालवता येते. ३४ तारांच्या जोडणीत ३४ व्या तारेवर संगणकाचा ड्राइव्ह ‘चकती बदलली’ हा संकेत देतो, तर अनेक उपकरणांना तेथे ‘तयार’ हा संकेत हवा असतो. ही जुळणी बहुधा अनुकारकावरील जंपरने (पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) किंवा त्याच्या फर्मवेअरमधील (आत भरलेल्या प्रोग्राममधील) मांडणीने होते.

मराठवाड्यात अशी उपकरणे अभियांत्रिकी शिक्षणसंस्थांत, तसेच चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहतींत असणे संभवते. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी संस्थेची स्थापना (१९८१) फ्लॉपीच्या भरभराटीच्या काळातलीच आहे. शासकीय व अनुदानित संस्थांत उपकरणाची नोंद डेड स्टॉक रजिस्टरात (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) होते आणि तो क्रमांक पांढऱ्या ऑइलपेंटने पेटीवर लिहिलेला असतो. फ्लॉपी मात्र सहसा उपभोग्य वस्तूंत मोडते आणि तिच्यावर क्रमांक नसतो. परिणामी निर्लेखनाच्या (जुनी वस्तू नोंदवहीतून कमी करण्याच्या) वेळी उपकरण लिलावात जाते आणि त्याची चकती रद्दीत, किंवा उपकरण राहते आणि चकती आवराआवरीत टाकली जाते. यामुळे प्रतिमेच्या फाइलीला उपकरणाचा डेड स्टॉक क्रमांकच नाव म्हणून देणे आणि मूळ चकतीच्या लेबलचे छायाचित्र तिच्यासोबत ठेवणे सोयीचे ठरते.