थ्री नॉट थ्रीवरचं साल

रत्नागिरीत कॉलेजला असताना एनसीसीच्या परेडला थ्री नॉट थ्री हातात यायची. माझ्या वाट्याच्या रायफलीवर 1942 चा ठसा होता. उस्ताद म्हणाले, ही महायुद्धातली. आम्ही पोरांनी ते घरी जाऊन छाती फुगवून सांगितलं. पण ते साल फक्त बॉडीचं, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मुख्य लोखंडी भागाचं असतं, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

दस्ता ज्या लोखंडी सॉकेटात शिरतो, त्याच्या उजव्या अंगाला रायफलीची कुंडली असते. वर मुकुट, खाली ‘जी आर आय’ (जॉर्ज, राजा आणि सम्राट), मग ईशापूर (कोलकात्याजवळचा रायफल कारखाना), साल आणि मार्क, म्हणजे आवृत्तीचा आकडा. मार्क तीनपुढे तारा दिसला तर ती 1916 मध्ये मंजूर झालेली, युद्धाच्या घाईत सोपी केलेली आवृत्ती. ईशापूरच्या ठशातला मुकुट प्रजासत्ताकानंतर गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह व ‘आर एफ आय’ (रायफल फॅक्टरी ईशापूर) आले.

खरी गंमत दुरुस्तीच्या ठशांत आहे. ‘एफ टी आर’ (फॅक्टरी थरो रिपेअर) किंवा नुसतं ‘एफ आर’ आणि पुढे सालाचे दोन आकडे दिसले की समजावं, रायफल कारखान्यात पूर्ण खोलून पुन्हा उभी केली आहे. गरज पडली तर नळी नवी, लाकूड नवं. नळीवर तिचं वेगळं साल असतं. बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा मागेपुढे सरकणारा दांडा, मात्र ज्या त्या बॉडीशी जुळवलेला, म्हणून दोघांवर एकच नंबर. परका बोल्ट बसवला की जुना नंबर खोडून शेजारी नवा ठोकतात. माझ्या रायफलीच्या बोल्टवर दोन नंबर खोडलेले होते. पुढच्या लाकडात, मॅगझिनच्या पुढे, आडवा स्क्रूही होता. लाकूड चिरू नये म्हणून केलेली ही ईशापूरची खास खूण.

काही थ्री नॉट थ्री आतून गुळगुळीत करून .410 बोअरच्या, एकबारी केल्या आणि पहारेकऱ्यांना, पोलिसांना दिल्या. हेतू सरळ होता, बंदूक पळवली गेली तरी तिचा फारसा उपयोग होऊ नये.

एक गैरसमज मात्र जाता जात नाही. 7.62 मिलिमीटर गोळीची ईशापूर 2ए ही रायफल म्हणजे थ्री नॉट थ्रीचीच नळी बदललेली, असं छातीठोक सांगणारे भेटतात. 1962 च्या युद्धानंतर आलेली ती रायफल नवीनच बनवलेली आहे, जास्त मजबूत पोलादाची. चौकोनी मॅगझिन पाहिलं की ओळख पटते.

कॅम्प दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत फौजेत गेलेल्यांची घरं कमी नाहीत, आणि ‘आजोबांची मिलिटरीतली’ म्हणून माजघरातली बंदूक दाखवणारेही. बहुतेक वेळा ती ठासणीची किंवा बारा बोअरची निघते, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची, डुकरांसाठी घेतलेली. थ्री नॉट थ्री साध्या परवान्यावर मिळतच नाही.

राहता राहिली माझी. तिच्या बॉडीवर ‘डी पी’ असंही ठोकलेलं होतं. म्हणजे फक्त ड्रिलसाठी, गोळी झाडायला बाद.