भिंत ‘रूफ’ लेव्हलला बांधणं आणि भिंत छताला अटॅच करणं

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका जुन्या कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरावरून एका विद्यार्थिनीने रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं होतं. समोरून अगदी देखणं दिसत होतं. दोन पाखी, ३० अंशांचा उतार, ६० सेंटीमीटर बाहेर आलेली वळचण. मॉडेल फिरवलं तर बाजूची भिंत ३ मीटरवर सपाट थांबलेली आणि तिच्यावर आढ्यापर्यंत त्रिकोणी भगदाड. ती म्हणाली, “सर, पण मी टॉप कन्स्ट्रेंटमध्ये रूफच दिलंय!”

टॉप कन्स्ट्रेंट म्हणजे भिंत वर कुठपर्यंत जायची ते ठरवणारी नोंद. तिने खरंच तसं दिलं होतं. पण तिथलं ‘रूफ’ हे छत नाही, त्या नावाची लेव्हल आहे. लेव्हल म्हणजे हवेतली एक आडवी पातळी. तिला उतार नसतो, जाडी नसते, आढंही नसतं. टॉप कन्स्ट्रेंट लेव्हलला दिला की भिंतीला एवढंच कळतं की या पातळीपर्यंत जायचं. उद्या लेव्हल ३ मीटरवरून ३.३ वर नेली तर भिंत निमूट वाढेल. छताचा उतार बदलला तर मात्र तिला पत्ताही लागणार नाही.

अटॅच करणं ही वेगळी गोष्ट. भिंत निवडायची, वर ‘अटॅच टॉप/बेस’ दाबायचं, मग छतावर क्लिक करायचं. आता भिंतीचं नातं प्रत्यक्ष छताशी जुळतं. तिचा माथा छताच्या खालच्या अंगाला जाऊन भिडतो आणि पाख्यांसारखाच तिरपा होतो. छत पुसलं तर भिंत पुन्हा आपल्या लेव्हलच्या उंचीवर येते, म्हणजे आधी दिलेला कन्स्ट्रेंट वाया जात नाही. दोन्ही एकाच भिंतीवर नांदतात, म्हणूनच शिकताना गल्लत होते.

चूक दिसायला बारीक असली तरी हिशोबात जड जाते. घराची रुंदी ६ मीटर धरा. आढं मधोमध, म्हणजे एका बाजूला ३ मीटर. ३० अंशांना छत ३ × ०.५७७, म्हणजे सुमारे १.७३ मीटर चढतं. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ ५.२ चौरस मीटर, दोन्ही बाजू मिळून १०.४. भिंत २०० मिलिमीटर जाडीची असेल तर २ घनमीटरहून थोडं जास्त वीटकाम. मॉड्युलर विटेच्या हिशोबाने घनमीटरला ५०० विटा धरतात, म्हणजे जवळपास हजार विटा शेड्यूलमधून, म्हणजे मॉडेलवरून निघणाऱ्या मोजणीच्या तक्त्यातून गायब. एस्टिमेट करणाऱ्याला हे चित्र दिसत नाही, त्याच्या हातात फक्त आकडा येतो.

आता नागपुरात बहुतेक घरं स्लॅबची, मग तिरपी छतं शिकायची कशाला, असं मुलं विचारतात. पण स्लॅबच्या घरात हा घोटाळा जास्त लपतो. रेव्हिटमध्ये स्लॅब ‘फ्लोअर’ म्हणून काढतात. फ्लोअर लेव्हलच्या खाली लटकतो, त्याचा वरचा पृष्ठभाग लेव्हलवर असतो. फूटप्रिंटने, म्हणजे छताची बाह्यरेषा प्लॅनमध्ये काढून केलेलं रूफ उलट, लेव्हलवर बसून वर वाढतं. त्यामुळे स्लॅबच्या घरात लेव्हलपर्यंत नेलेली भिंत १२५ मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये घुसते आणि थ्रीडीत काहीही वावगं दिसत नाही. १० मीटर लांबीच्या भिंतीत सव्वा चौरस मीटर वीटकाम जास्त मोजलं जातं. फ्लोअरचं स्केच पूर्ण करताना सॉफ्टवेअर विचारतं, या लेव्हलपर्यंत आलेल्या भिंती खालून अटॅच करू का? तो प्रश्न न वाचता बटण दाबू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. गच्चीच्या कठड्याची भिंत मात्र वेगळी काढा. ती स्लॅबवर उभी राहते, तिला लेव्हल आणि उंचीच हवी.

फूटप्रिंट भिंती निवडून न करता नुसत्या रेषा ओढून केला, तर आणखी एक फट पडते. उतार रेषेपासून, म्हणजे वळचणीच्या टोकापासून सुरू होतो. ६० सेंटीमीटर आत, भिंतीपाशी पोहोचेपर्यंत छत ३५ सेंटीमीटर वर गेलेलं असतं. समोरची भिंतही तेवढी बुटकी पडते, फक्त ती वळचणीच्या सावलीत दिसत नाही. सेक्शन, म्हणजे उभा छेद कापल्याशिवाय हे कळत नाही.

मग सरसकट सगळ्या भिंती अटॅच करायच्या का? नाही. मिस्त्री काय बांधणार आहे ते आधी विचारायचं. जुन्या कवेलूच्या घरांत मधल्या भिंती अनेकदा छतापर्यंत नसत, वरून हवा खेळायची, आणि इथला उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा त्याचं मोल कळतं. अशी भिंत अटॅच केली तर मॉडेलमधलं घर बंद पेटी होतं. तिला लेव्हलच योग्य. बाहेरची, त्रिकोणाची भिंत मात्र अटॅचच हवी.

काही जण तिसरा मार्ग धरतात. भिंतीचं प्रोफाइल, म्हणजे समोरून दिसणारी बाह्यरेषा एडिट करून त्रिकोण हाताने काढतात. त्या दिवशी त्या विद्यार्थिनीला मी तेच करून दाखवलं. एका बाजूची भिंत अटॅच केली, दुसरीचा त्रिकोण हाताने काढला, आणि उतार ३० चा ३५ केला. आढं १.७३ वरून २.१० मीटरवर गेलं. अटॅच केलेली भिंत त्याच्याबरोबर वर सरकली. हाताने काढलेली होती तिथेच राहिली, आणि आढ्याखाली ३७ सेंटीमीटर आभाळ दिसू लागलं.