पिस्तुलावरचा गंज काढायचा, पण काळा थर ठेवायचा

पावसाळा संपत आला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात, ज्यांच्या घरी लायसनचं रिव्हॉल्व्हर नाहीतर पिस्तूल आहे त्यांचं एकच गाऱ्हाणं असतं, ‘काळा कलर उडालाय ओ, तांबडे ठिपके आलेत, पॉलिश पेपर मारून परत काळा मारून घेऊ काय?’ इकडे माजी सैनिकांची घरं भरपूर, त्यामुळे अशी हत्यारं बरीच. इलेक्शन लागलं की ती जमा करायची, तिथं ती तेल न लावता पडून राहतात, आणि परत मिळाल्यावर लोक जे घरगुती उपाय करतात ते बघून खरंच जीव तुटतो. म्हणून हे लिहितोय.

तो काळा-निळा कलर म्हणजे पेंट नाही हे आधी डोक्यात घ्या. तो लोखंडाचाच एक ऑक्साइड आहे, नाव मॅग्नेटाइट. आणि तांबडा गंज तोसुद्धा लोखंड आणि ऑक्सिजनच, फक्त त्यात पाणीही अडकलेलं असतं. फरक आहे तो रचनेत. गंज फुगतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्याला चिरा पडतात, पापुद्रे सुटतात, आणि त्या फटींतून ओल परत खाली जाते. मॅग्नेटाइटचा थर मात्र दाट असतो आणि स्टीलला घट्ट धरून बसतो. जाडी किती, तर साधारण एक मायक्रॉन. आपला केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे पॉलिश पेपरचा एक हात फिरला की गंजाबरोबर हा थरपण गेलाच समजा.

आता ओरखड्याचं बघू. केंब्रिजच्या युलिक एव्हान्स यांनी गेल्या शतकात मिठाच्या पाण्याचा एक थेंब स्टीलवर ठेवून दाखवलं होतं की गंजणं हा विजेचाच खेळ आहे. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मधोमध कमी पोचतो. मग मधलं लोखंड विरघळतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन स्टीलमधूनच कडेला जातात, तिथं ऑक्सिजन ते घेतो, आणि गंज दोन्हीच्या मधे गोल कड्यासारखा साठतो. म्हणजे खड्डा पडतो एका जागी आणि गंज दिसतो दुसऱ्या जागी! वाळलेल्या थेंबाचा डाग भिंगाखाली बघा, तांबडं कडं आणि आत बारीक टोचल्यासारखा खड्डा दिसेल. पिस्तुलावर ह्याच्यात आणखी एक भर पडते. मॅग्नेटाइटमधून वीज जाते, त्यामुळे ओरखड्याभोवतीचा सगळा काळा पृष्ठभाग इलेक्ट्रॉन खपवायला तयार बसलेला असतो आणि ते पुरवायला मधे फक्त केसाएवढी उघडी रेघ. सगळा भार त्या रेघेवर येतो. म्हणून ओरखडा छोटा आहे म्हणून सोडून दिला तर तो खोल जातो.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. जुने कारागीर हा काळा थर गंजापासूनच बनवायचे, आजही चांगल्या बंदुकांवर बनवतात, त्याला रस्ट ब्लूइंग म्हणतात. स्टील तेलाच्या अंशापासून एकदम स्वच्छ करायचं, दमट जागेत मुद्दाम बारीक एकसारखा गंज येऊ द्यायचा, मग तो तुकडा स्वच्छ पाण्यात उकळायचा. डोळ्यांदेखत तांबडा मखमली थर काळा पडतो. बारीक तारेच्या ब्रशनं सुटा काळा भुगा झाडायचा आणि परत गंज, परत उकळणं, अशा बऱ्याच फेऱ्या, दर फेरीला रंग गडद होत जातो. हे होतं कसं? तांबड्या गंजातल्या प्रत्येक लोखंडाच्या अणूनं तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. मॅग्नेटाइटमध्ये दर तीन अणूंपैकी दोघांनी तीन-तीन गमावलेत आणि एकानं दोनच. म्हणजे गंजाला थोडे इलेक्ट्रॉन परत द्यायला पाहिजेत. उकळल्यानं पाण्यातली हवा निघून जाते, त्यामुळे ते इलेक्ट्रॉन पळवायला ऑक्सिजन उरत नाही, आणि खालचं ताजं स्टील स्वतःचे इलेक्ट्रॉन वरच्या गंजाला देतं. हिशोब असा: गंजाचे आठ रेणू आणि स्टीलमधला एक अणू मिळून मॅग्नेटाइटचे तीन रेणू आणि पाण्याचे चार. अणू मोजून बघा, बरोबर जुळतात. थर स्टीलमधूनच उगवलेला असल्यामुळे तो पेंटसारखा सोलून निघत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या बॉयलरच्या नळ्यांना आतून हाच मॅग्नेटाइट सांभाळतो, म्हणून बॉयलरच्या पाण्यातला ऑक्सिजन काढायची एवढी धडपड असते.

करून बघायचं असेल तर खिळ्यावर करा, हत्यारावर नको. पाणी बॅटरीत घालायचं घ्या, बोअरचं नको, त्यातले क्षार डाग पाडतात. झाडलेल्या काळ्या भुग्याला चुंबक लावा, पटकन चिकटेल. तांबडा गंज तसा चिकटत नाही.

कारखान्यात मात्र कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या १४० डिग्रीच्या आसपास उकळत्या द्रावणात काम पटकन होतं. ते घरी करायचं कामच नाही, आणि पिस्तुलाची फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर कॉस्टिक ती खाऊनच टाकतं. बाटलीत मिळतं ते ‘कोल्ड ब्ल्यू’, ‘एका मिनिटात नव्यासारखं’ म्हणून जाहिरात करतात, पण त्यात मॅग्नेटाइट बनतच नाही. तांबं आणि सेलेनियमच्या संयुगाचा पातळ काळा थर बसतो, लवकर झिजतो, शिवाय सेलेनियम विषारी. बारीक ओरखडा झाकायला ठीक, त्याच्यापुढे काही नाही.

व्हिडिओ बघून कोल्ड्रिंकमध्ये, व्हिनेगरमध्ये पार्ट बुडवून ठेवणारे पण आहेत. ॲसिड गंज विरघळवतं तसा काळा थरही विरघळवतं, त्याला दोन्ही ऑक्साइडच. ह्याच कारणानं खंडेनवमीला हत्यारावर कापलेलं लिंबू ठेवू नका आणि नारळाचं पाणी शिंपडू नका. पूजा मनापासून करा, पण लिंबानं दृष्ट निघते म्हणून ते रात्रभर हत्यारावर ठेवलं तर सायट्रिक ॲसिडनं सकाळी तिथं पांढरट डाग पडलेला असतो, आणि नारळपाण्यातले क्लोराइड पुढच्या गंजाची सोय करून ठेवतात.

मग करायचं काय? गोळ्या काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, मग दुसरं काहीही. ठिपक्यावर पातळ मशीन ऑईल सोडून थोडा वेळ मुरू द्या आणि तांब्याच्या तुकड्यानं नाहीतर एकदम बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं घासा. तांबं स्टीलपेक्षा मऊ, सुटा गंज निघतो आणि खालचा थर बहुतेक वाचतो. खड्डा पडला असेल तर तो तसाच राहू द्या, फक्त आतला गंज काढून तेल भरा. पूर्ण फिनिश नव्यानं करायचं असेल तर लायसन असलेल्या डीलरकडेच द्या, शस्त्र कायद्यात रिपेरीचा धंदा करायलासुद्धा लायसन लागतं, आणि नंबरावर पॉलिश कधीही मारू देऊ नका, नंबर पुसणं हा गुन्हा आहे.

काळ्या थरातही बारीक छिद्रं असतातच, तेल त्यात धरून राहतं म्हणून तर तो टिकतो. तेव्हा हाताळून झालं की घामाचे ठसे पुसून तेलाचा हात फिरवायचाच. आणि कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात हत्यार चामड्याच्या कव्हरात ठेवायचं नाही, चामडं ओल धरून बसतं. तेल लावून सुती कापडात गुंडाळा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि श्रावणात अधूनमधून उघडून स्क्रूची डोकी तेवढी बघत जा, गंज पहिल्यांदा तिथंच धरतो.