शवासन

शवासन हे उताणे पडून करायचे हठयोगातील विश्रांतीचे आसन आहे. दिसायला ते सर्वांत सोपे. हातपाय हलवायचे नाहीत, तोल सांभाळायचा नाही. मात्र अंग जमिनीवर टेकले तरी जबडा, खांदे आणि कपाळ बराच वेळ आवळलेलेच राहतात. ती आवळण ओळखून सोडणे हेच या आसनाचे काम, आणि ते शिकावे लागते.

या पडण्याचा उल्लेख आधी येतो तो आसन म्हणून नव्हे. ‘दत्तात्रेययोगशास्त्र’ या ग्रंथात जमिनीवर शवासारखे उताणे पडणे ही लययोगातली, म्हणजे चित्त विरवण्याची, एक युक्ती आहे. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’ने तिला आसनांत बसवले आणि फळही सांगितले : ‘शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्’. शीण घालवणारे आणि चित्ताला विसावा देणारे, एवढेच. इतर आसनांच्या वाट्याला आलेली रोगनाशाची मोठमोठी आश्वासने इथे नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘घेरण्डसंहिते’त याच आसनाला मृतासन म्हटले आहे. दोन्ही नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना खटकतात. ‘भरल्या घरात असं मेल्यासारखं काय पडायचं!’ हा शेरा बहुतेक साधकांनी ऐकलेला असतो.

सतरंजीवर उताणे पडून पाय थोडे फाकवतात, हात अंगापासून दूर ठेवून तळवे वर करतात आणि डोळे मिटतात. मग पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका भागाकडे लक्ष नेत तो सैल सोडतात. त्यानंतर लक्ष श्वासावर. आत येणारी हवा नाकपुड्यांना गार लागते, बाहेर जाणारी किंचित उबदार. तेवढेच जाणवत राहायचे. मन भरकटतेच. भरकटल्याचे कळले की चिडचिड न करता परत यायचे. पहिल्या काही दिवसांत हटकून झोप लागते आणि शेजारची चटई घोरू लागते. झोप वाईट नाही, पण ते शवासन नव्हे. उठताना एकदम न बसता आधी कुशीवर वळतात.

ताणाच्या प्रसंगी अनुकंपी (शरीराला आपोआप सावध करणारी) मज्जासंस्था आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी शरीराला झुंजायला किंवा पळायला सज्ज करतात : नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठतात. लोकल चुकणे किंवा साहेबांचा फोन येणे यात झुंजायचे कोणाशीच नसते. तरीही शरीर सज्ज होते, आणि ही सज्जता उतरायला वाव मिळत नाही. संथ श्वसनात, विशेषतः उच्छ्वास लांबला की, मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती मंदावते. पाश्चात्त्य वैद्यकातही एडमंड जेकबसन यांनी स्नायू आधी आवळून मग सैल सोडण्याची पद्धत स्वतंत्रपणे विकसित केली होती. शवासनात आवळण्याचा टप्पा नसतो. काही शिक्षक मात्र नवशिक्यांसाठी तो उसना घेतात.

योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याची परंपरा महाराष्ट्रात लोणावळ्याच्या कैवल्यधामाने रुजवली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ही संस्था आणि तिचे ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून निष्कर्ष १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. काहींचा रक्तदाब उतरला, काहींची औषधाची मात्रा कमी करता आली. तुलनेसाठी वेगळा गट नसणे ही या अभ्यासाची उणीव. केवळ नियमित तपासणीनेही रक्तदाब थोडा उतरू शकतो. १९७५ मध्ये लंडनमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी योगिक शिथिलीकरण व बायोफीडबॅक (शरीरातले बदल यंत्रावर पाहून ते आवरायला शिकणे) यांची जोड देऊन तुलनात्मक चाचणी घेतली, तीतही रक्तदाब घटलेला दिसला. यावरून रक्तदाबाची गोळी मनाने बंद करावी असा अर्थ मात्र निघत नाही.

शवासन सगळ्यांना मानवतेच असे नाही. डोळे मिटून निश्चल पडल्यावर काहींची बेचैनी उलट वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत किंवा त्यापेक्षा चालायला जावे. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी घेतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत उताणे न पडता डाव्या कुशीवर पडणे योग्य. वर्गांमध्ये मात्र या आसनाची सर्वांत मोठी अडचण वेगळीच असते : तास संपत आला की शवासन दोन मिनिटांत उरकतात, आणि घाई असलेली मंडळी तेवढ्यात चटई गुंडाळून निघतातही. म्हणजे ज्यांना त्याची गरज अधिक, तेच बहुधा आधी उठतात.

दुपारच्या जेवणानंतरची वामकुक्षी आणि शवासन यांची गल्लत करू नये. वामकुक्षी डाव्या कुशीवर, भरल्या पोटी आणि डुलकीच्या आशेने घेतात. शवासन उताणे, हलक्या पोटी आणि जागेपणी.