परसातील तरणे कोंबडे

परसातील कुक्कुटपालनात साधारण दोन ते सहा महिने वयाच्या, वयात येऊ लागलेल्या नराला तरणा कोंबडा म्हणतात. या चार महिन्यांत त्याचा तुरा लाल होतो, तो आरवायला शिकतो, भावंडांशी झुंजतो आणि तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्यांच्या मागे लागतो. घरगुती कळपाला यांतला एखादाच नर लागतो. बाकीच्यांचे काय करायचे हे पिल्ले निघण्याआधी ठरवायला हवे. प्रत्यक्षात ते शेजाऱ्याची पहिली तक्रार आल्यावर ठरते.

मराठीत कोंबडा आणि कोंबडी या दोघांचेही अनेकवचनी सामान्यरूप ‘कोंबड्यां’ असेच होते. त्यामुळे ‘कोंबड्यांची निगा’ या मथळ्याखालचा मजकूर कोणाविषयी आहे हे वाचल्याशिवाय कळत नाही, आणि बहुधा तो माद्यांविषयीच असतो. या नोंदीत घोळ नको म्हणून बहुतेक ठिकाणी नर आणि मादी असेच म्हटले आहे.

हिशेब

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवली, तर २१ दिवसांनी त्यांतली आठ-दहा फुटतात आणि साधारण निम्मी पिल्ले नर निघतात. टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते असे जुनी माणसे सांगतात, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. पक्ष्यांमध्ये पिल्लाचे लिंग मादीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. अंड्याच्या आकाराचा त्याच्याशी संबंध नाही. एका नरामागे आठ ते दहा माद्या हे प्रमाण सर्वसाधारणपणे योग्य मानतात. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या तलंग गट वाटपातही २५ माद्यांमागे ३ नर दिले जातात. म्हणजे पाच नर आणि पाच माद्या निघाल्या, की चार नर जास्तीचे, आणि पाचव्यालाही माद्या कमीच. ‘आमचेच कोंबडे भांडकुदळ निघाले’ असे जे सांगितले जाते, ते बहुतेक वेळा स्वभावाचे नसून या भागाकाराचे दुखणे असते.

शहरात नर येण्याच्या वाटा आणखी आहेत. गिरिराज, वनराजा यांसारख्या दुहेरी उपयोगाच्या जातींची एकदिवसीय पिल्ले बहुधा नर-मादी न निवडताच मिळतात. दुसरी वाट रस्त्यावरची. अंड्यांच्या उद्योगात नर पिल्लू बिनकामाचे ठरते: ते अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखे झपाट्याने अंगही धरत नाही. अशी पिल्ले गुलाबी-हिरवी रंगवून टोपल्यांतून विकली जातात आणि पोराच्या हट्टापायी फ्लॅटमध्ये येतात. बरीचशी आठवडाभरात मरतात. जे जगते ते तिसऱ्या महिन्यात तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून आरवते. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे मुख्यालय ज्या पुण्यात आहे, तिथे अंडे न देणाऱ्या पक्ष्याची ही कहाणी तशी सरळच म्हणायची.

नर ओळखणे

पाचव्या-सहाव्या आठवड्यात काही पिल्लांचा तुरा बहिणींपेक्षा आधी गुलाबी होतो, पाय जाड दिसतात आणि उभे राहण्यात ताठा येतो. पण गावरान पिल्लांत रंगाची आणि तुऱ्याच्या आकाराची इतकी सरमिसळ असते, की तेवढ्यावरून पैज लावू नये. खात्रीची खूण दहाव्या-बाराव्या आठवड्यात दिसते: मानेवर आणि शेपटीच्या मुळाशी लांब, निमुळती, चकाकणारी पिसे येतात. मादीची तिथली पिसे गोलसर टोकाची राहतात. पायामागचा काटा यावेळी नुसता गाठीएवढा असतो आणि तो खरा धारदार व्हायला वर्ष उलटते. त्यामुळे काटा नाही म्हणून मादी समजलेले पक्षी पुढे फसवतात.

तुरा, आवाज आणि भांडण या तिन्हींचे मूळ एकच आहे. १८४९ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बर्टोल्ड यांनी सहा तरण्या नरांवर प्रयोग केला. वृषणे काढलेल्या नरांचा तुरा वाढला नाही, ते आरवले नाहीत, माद्यांकडे फिरकलेही नाहीत. वृषण पोटात दुसऱ्या जागी परत बसवलेले नर मात्र पुरे कोंबडे झाले. वृषणातून काहीतरी रक्तात मिसळते आणि सगळ्या शरीराला हुकूम देते हा निष्कर्ष त्यातून निघाला. संप्रेरकांच्या अभ्यासात हा प्रयोग आरंभीचा मानतात. दिवस मोठा होत गेला, की नराची वृषणे वाढतात. म्हणून थंडी ओसरताना अंड्यातून निघालेली पिल्ले उन्हाळ्याच्या लांब दिवसांत वाढून लवकर अंगात येतात.

आरवणे

पहिली बांग बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येते. ती बांग नसतेच. दाराची बिजागरी कुरकुरावी तसा फाटका आवाज निघतो आणि मध्येच तुटतो. दोन-तीन आठवड्यांत आवाज बसतो. जवळून मोजला तर तो शंभर डेसिबलच्या घरात जातो. तुलनेसाठी, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

पुण्यात हा प्रश्न गेल्या काही वर्षांत वाढला, त्याचे कारण पक्ष्यांत नाही, नकाशात आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिका हद्दीत आली. धायरी, आंबेगाव, लोहगाव, वाघोली, मांजरी, सूस, नऱ्हे अशा गावठाणांत दारात खुराडे असणे ही रीतच होती. आता त्या खुराड्याच्या भिंतीला लागून अकरा मजली इमारत उभी आहे. वाड्यातल्या आजींना कोंबडा आरवला नाही तर चुकल्यासारखे होते, आणि वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून पहाटे तीनला झोपलेल्या माणसाला तो साडेचारला उठवतो. दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

नर उजेड पाहून आरवतो हा समज अर्धाच खरा आहे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की पहाटेची बांग शरीरातल्या घड्याळावर चालते. सारखा मंद उजेड ठेवला तरी नर ठरलेल्या वेळी आरवतात. २०१५ मध्ये त्यांनीच आणखी एक गोष्ट मांडली: कळपात वरच्या मानाचा नर आधी आरवतो आणि बाकीचे मानाच्या उतरत्या क्रमाने. वरचा नर काढून घेतला तर त्याच्या खालचा पहिली बांग देतो. म्हणून ‘तो मोठा आरवतो, त्याला काढा’ असे करून शांतता मिळत नाही. त्याची जागा दुसऱ्या दिवशी भरलेली असते.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण ज्याने रचली त्याने खरोखरच कोंबडे झाकून पाहिले असणार. तरीही झाकण्याचा थोडा उपयोग होतो. नराला रात्री हवेशीर पण अंधाऱ्या खोक्यात किंवा जाड पोते टाकलेल्या डालग्याखाली ठेवले, की आवाज दबतो. खोक्याची उंची मान पूर्ण ताणता येणार नाही एवढी बुटकी ठेवली तर बांगही तोकडी होते. सकाळी सात वाजता मात्र त्याला बाहेर काढायलाच हवे, आणि एप्रिल-मे महिन्यांत हा उपाय करू नये. पक्ष्यांना घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतात, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात बंद खोके काही तासांत भट्टी होते. गळ्याला आवळायचे पट्टेही ऑनलाइन मिळतात. वाढत्या मानेला आणि धाप लागणाऱ्या जिवाला पट्टा लावणे ही क्रूरता आहे, आणि त्यात गुदमरून मरण्याचा धोका खरा आहे.

माद्यांचे हाल आणि वेगळा दडबा

अनुभवी नर मादीला आधी बोलावतो. दाणा चोचीत उचलून खाली टाकतो, टुक-टुक आवाज करतो, एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती फेर धरतो. तरण्याला यांतले काही येत नसते. तो मागून धावतो, मानेची पिसे चोचीत धरतो आणि अंगावर चढतो. मादीच्या डोक्यामागची आणि पाठीवरची पिसे जातात, कातडी सोलवटते, ती भिऊन दिवसभर उंचावर बसून राहते आणि दाण्याला उतरत नाही. अंडी कमी झाली म्हणून औषधे आणली जातात. पाठ कोणी पाहत नाही.

कळपात वयस्क, ठणठणीत माद्या असतील तर त्या असल्या पोरांना टोचून जागेवर आणतात. एकाच वयाची पिल्ले विकत आणून वाढवलेल्या कळपात ही शिस्त लावणारे कोणी नसते आणि तिथेच सर्वांत जास्त दुखापती होतात.

यावर खात्रीचा उपाय एकच: बारा आठवड्यांच्या सुमारास सगळे तरणे नर माद्यांपासून वेगळे काढणे. एकत्र वाढलेले भाऊ, मादी नजरेस पडत नसेल, तर आश्चर्य वाटावे इतक्या शांततेने राहतात. थोडी झटापट होते, मान ठरतो आणि संपते. नुसती जाळी मध्ये लावून उपयोग नाही, माद्या दिसता कामा नयेत; जुने पत्र्याचे दार किंवा शेडनेटचा दुहेरी पडदा पुरतो. पाणी आणि दाणे दोन-तीन ठिकाणी ठेवावेत, कारण वरच्या मानाचा नर एकच भांडे असेल तर त्यावर पहारा देतो. हरलेल्याला नजरेआड व्हायला जागा हवी: आडवी फळी, उलटी टोपली, झाडाची फांदी काहीही चालते. एकदा बाहेर काढलेला नर आठ-दहा दिवसांनी परत सोडला तर त्याला परका समजून रक्त निघेपर्यंत मारतात, हे लक्षात ठेवावे.

खाद्याचा मुद्दाही इथेच सुटतो. अंड्यावरच्या माद्यांच्या तयार खाद्यात, म्हणजे लेअर मॅशमध्ये, कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. ते नराला नको असते, आणि महिनोन्‌महिने तेच खाल्ले तर त्याची मूत्रपिंडे बिघडतात. नरांना ग्रोअर मॅश (वाढत्या पक्ष्यांचे खाद्य), बाजरी, तांदळाची कणी द्यावी. सगळे एकत्रच असतील तर सर्वांना ग्रोअर घालून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. जिला हवा ती खाते.

माणसावर धावून येणे

चौथ्या-पाचव्या महिन्यात एखादा नर पायाला टोचतो, बाजूने तिरका चालत येतो, झाडूवर झेपावतो. बहुतेकदा हा हातावर खाऊन लाडाने वाढलेला पक्षी असतो. त्याला माणसाची भीती उरलेली नसते आणि माणूस त्याच्या लेखी प्रतिस्पर्धी होतो. लाथ मारली की झुंज स्वीकारल्यासारखे होते, पळाले की हरल्यासारखे. मागे न हटता त्याच्या दिशेने चालत राहावे, किंवा पंख दाबून काखेत धरून तो ढिला पडेपर्यंत काम करत राहावे. काही नर यानेही सुधारत नाहीत. घरात लहान मूल असेल तर अशाला ठेवू नये, कारण रांगत्या पोराचा डोळा कोंबड्याच्या चोचीच्या उंचीला असतो.

ठेवायचा कोणता, उरलेल्यांचे काय

सर्वांत मोठ्या तुऱ्याचा नर ठेवण्याकडे कल असतो. त्यापेक्षा दाणा दिसल्यावर माद्यांना हाक देणारा, घार किंवा मुंगूस दिसताच इशारा देणारा आणि माणसापासून हातभर अंतर राखणारा नर कळपाला जास्त उपयोगी पडतो. पुढे पिल्ले काढायची असतील तर तो घरच्याच माद्यांचा भाऊ नसावा. गावाकडे पाहुण्यांत नरांची अदलाबदल चालते ती याचसाठी. मात्र बाहेरून आणलेला पक्षी तीन-चार आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय सोडू नये, नाहीतर त्याच्याबरोबर मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगही येतो.

झुंजीसाठी नर मागणारेही भेटतात. प्राण्यांच्या झुंजी लावणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

बाकीचे नर विकले किंवा खाल्ले जातात, आणि इथे पंचांग आड येते. गावरान नराला पुण्यात खरी मागणी आखाडात, श्रावण लागण्याआधीच्या आठवड्यांत. संक्रांतीला खुडूक बसवली तर पिल्ले फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघतात आणि आखाडापर्यंत नर पाच महिन्यांचे, रश्शाला जोगे होतात. गुढीपाडव्यानंतर पिल्ले काढली तर आखाडात ते तीन महिन्यांचे, हाडे-पिसेच असतात. मग श्रावण, पाठोपाठ गणपती, नंतर नवरात्र. त्यांचे सर्वांत आडमुठे महिने नेमके या काळात येतात, आणि दसऱ्यापर्यंत त्यांना पोसण्यावाचून गत्यंतर नसते.